एचआयव्हीच्या औषधांचा खर्च आणि मदतीच्या वाटा

एचआयव्हीवरील उपचाराचा खर्च इतर बहुतेक आजारांच्या खर्चाहून वेगळ्या जातीचा असतो, कारण हा उपचार एकदा सुरू झाला की आयुष्यभर चालू ठेवावा लागतो. क्षयाचा साधा रुग्ण सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो, कुष्ठरोगाची औषधे सहा महिने ते वर्षभरात पूर्ण होतात. परंतु एचआयव्हीचा विषाणू आपले जनुकीय द्रव्य माणसाच्या पेशींतील जनुकांत मिसळून टाकतो आणि काही पेशींत सुप्तावस्थेत दडून राहतो, त्यामुळे आज वापरात असलेली औषधे त्याची वाढ रोखून धरतात, त्याला शरीरातून हुसकावून लावत नाहीत. या औषधांना अँटिरेट्रोव्हायरल औषधे आणि त्यांच्या नियमित उपचाराला एआरटी म्हणतात. शस्त्रक्रियेसाठी एखादे कुटुंब दागिने गहाण ठेवते, शेताचा तुकडा विकते, भावकीकडून उसनवारी करते आणि संकट एकदाचे निभावून नेते. दर महिन्याला येणारा आणि कधीही न सरणारा औषधाचा खर्च या मार्गाने भागत नाही.

शिवाय पैसे नसले की महिनाभर औषध थांबवायचे आणि हाती पैसा आला की पुन्हा सुरू करायचे, ही सोयही या आजारात नाही. औषधाची रक्तातील मात्रा घसरली की विषाणू पुन्हा वेगाने वाढू लागतो, वाढताना त्याच्या रचनेत बदल होत जातात आणि त्यांपैकी काही बदल औषधाला दाद न देणारे असतात. असा विषाणू एकदा शरीरात प्रबळ झाला की पहिल्या फळीची स्वस्त औषधे निरुपयोगी ठरतात आणि दुसऱ्या फळीची महाग औषधे घ्यावी लागतात. याउलट औषध नियमित घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजे विषाणूभार, चाचणीत सापडणार नाही इतका खाली येतो आणि त्या अवस्थेत लैंगिक संबंधातून दुसऱ्याला संसर्ग होत नाही. त्यामुळे एका रुग्णाच्या औषधाचा खर्च उचलणारे सरकार त्याच्या जोडीदाराचे आणि पुढच्या पिढीचेही रक्षण करत असते, आणि या खर्चाकडे दानधर्म म्हणून पाहणे मुळातच चुकीचे आहे.

किमतीचा प्रश्न पहिल्या औषधापासूनच उभा राहिला. मार्च १९८७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने झिडोव्ह्युडिन, म्हणजेच एझेडटी, या औषधाला मान्यता दिली. हा रेणू मुळात १९६४ मध्ये जेरोम हॉर्विट्झ या संशोधकाने सरकारी अनुदानावर कर्करोगासाठी तयार केला होता आणि त्या कामी तो निरुपयोगी ठरल्याने बाजूला पडला होता. तरीही बरोज वेलकम कंपनीने तो एचआयव्हीसाठी बाजारात आणला तेव्हा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च आठ ते दहा हजार डॉलरच्या घरात गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याच महिन्यात स्थापन झालेल्या अ‍ॅक्ट अप या रुग्णांच्या व त्यांच्या मित्रांच्या संघटनेने वॉल स्ट्रीटवर निदर्शने केली, सप्टेंबर १९८९ मध्ये तिचे कार्यकर्ते थेट शेअर बाजाराच्या इमारतीत शिरले आणि त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने किंमत २० टक्क्यांनी उतरवली. अमेरिकी सरकारने औषध घेण्यास असमर्थ असणाऱ्यांसाठी १९८७ मध्येच अनुदान सुरू केले होते. ते पुढे ऑगस्ट १९९० च्या रायन व्हाइट कायद्याखाली आले आणि आजही तेथील प्रत्येक राज्यात एड्स औषध साहाय्य कार्यक्रम या नावाने चालते. मात्र अर्जदाराचे उत्पन्न पाहून मदत द्यायची आणि मंजूर रक्कम संपली की नवे नाव प्रतीक्षायादीत टाकायचे, अशी त्याची रचना असल्यामुळे आर्थिक मंदीनंतर २०११ मध्ये त्या यादीत नऊ हजारांहून अधिक माणसे ताटकळत होती. जगातील सर्वांत संपन्न देशात औषध तयार असताना माणसांना त्यासाठी रांगेत उभे राहावे लागले, कारण तेथे मदत वाढवली गेली, परंतु किंमत चढीच राहू दिली गेली.

भारताची वाट निराळी होती आणि तिचे मूळ एचआयव्हीचा शोध लागण्यापूर्वीच्या एका कायद्यात आहे. पेटंट म्हणजे एखादी वस्तू बनवण्याचा व विकण्याचा ठरावीक काळापुरता मिळालेला एकाधिकार. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे भारताने १९७० मध्ये नवा पेटंट कायदा केला आणि त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट देण्याचे बंद करून केवळ तो बनवण्याच्या कृतीवर, तेही अल्प मुदतीचे, पेटंट देण्याची तरतूद ठेवली. याचा अर्थ असा की परदेशात एखाद्या कंपनीचा एकाधिकार असलेला रेणू वेगळ्या रासायनिक कृतीने बनवून विकणे भारतात पूर्णपणे कायदेशीर होते. येथील औषध उद्योग या तरतुदीवर वाढला, आणि त्यात मुंबईत १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी स्थापलेल्या सिप्ला कंपनीचे नाव या विषयाशी कायमचे जोडले गेले.

१९९६ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणू दबून राहतो असे निर्विवाद दिसून आले. परंतु त्या तिहेरी उपचाराचा खर्च वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता आणि जगातील बहुसंख्य रुग्ण आफ्रिकेत होते. तीन औषधांची पेटंटे वेगवेगळ्या कंपन्यांकडे असल्याने ती एकाच गोळीत एकत्र आणणे पाश्चात्त्य कंपन्यांना अवघड होते. सिप्लाला असे बंधन नव्हते, आणि तिने स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन व नेव्हिरॅपिन ही तीन औषधे असलेली ट्रायोम्यून ही एकच गोळी तयार केली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीचे प्रमुख डॉ. युसुफ हमीद यांनी सीमापार डॉक्टरांची संघटना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेदसाँ साँ फ्रोंतिएर या संस्थेला हा तिहेरी उपचार प्रति रुग्ण वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी खर्चात, देऊ केला. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे सोळा हजार रुपये होते. दहा हजार डॉलरची किंमत अपरिहार्य आहे, संशोधनाचा खर्चच तेवढा असतो, हा युक्तिवाद या एका घोषणेने लंगडा पडला. दोन महिन्यांनी, एप्रिल २००१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध औषध कायद्याबाबत खटला लढवणाऱ्या ३९ कंपन्यांनी माघार घेतली, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा येथील जाहीरनाम्याने सार्वजनिक आरोग्यासाठी पेटंटचे बंधन शिथिल करण्याचा देशांचा अधिकार मान्य केला. त्यानंतर बिल क्लिंटन यांच्या प्रतिष्ठानाने २००३ मध्ये भारतीय कंपन्यांशी मोठ्या मागणीच्या हमीवर बोलणी करून हीच किंमत वर्षाला १४० डॉलरच्या खाली आणली.

येथे एक वेदनादायक बाब नोंदवली पाहिजे. मुंबईच्या कंपनीने बनवलेली गोळी आफ्रिकेतील रुग्णांपर्यंत पोहोचण्याच्या वाटा खुल्या होत असताना मुंबईच्याच सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळत नव्हती. भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी केले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ मध्ये स्थापन झाली. तरीही पुढील बारा वर्षे सरकारचा सगळा भर प्रतिबंधावर राहिला आणि लागण झालेल्या माणसाला संधिसाधू आजारांवरील उपचारांपलीकडे, म्हणजे प्रतिकारशक्ती खालावल्यावर डोके वर काढणाऱ्या क्षय, न्यूमोनिया, बुरशीजन्य संसर्ग यांवरील औषधांपलीकडे, फारसे काही मिळाले नाही. सोळा हजार रुपये ही जागतिक बाजारात अत्यल्प किंमत असली, तरी शेतमजुराच्या घरात ती कल्पनेपलीकडची होती. ३० नोव्हेंबर २००३ रोजी तत्कालीन आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी मोफत एआरटीची घोषणा केली आणि १ एप्रिल २००४ पासून जास्त प्रादुर्भावाच्या सहा राज्यांतील आठ रुग्णालयांत औषधे मिळू लागली. मुंबईचे सर जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक होते.

सुरुवातीला प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेलेल्या रुग्णांनाच औषध दिले जाई. ही मर्यादा पुढे ३५० आणि नंतर ५०० वर नेण्यात आली आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला, पेशी कितीही असोत, औषध सुरू करण्याचे धोरण आले. दुसऱ्या फळीची औषधे जानेवारी २००८ मध्ये जे. जे. आणि चेन्नईजवळील तांबरमच्या रुग्णालयात सुरू झाली, परंतु ती कोणाला द्यायची याच्या अटी जाचक होत्या: सरकारी केंद्रात आधी दोन वर्षे उपचार घेतलेले असावेत, दारिद्र्यरेषेखालील असावे, विधवा किंवा बालक असावे. ज्याने सरकारी योजना नसताना पोटाला चिमटा काढून खासगी डॉक्टरकडून औषधे घेतली आणि ज्याच्या शरीरातील विषाणू त्यांना निर्ढावला, तो नेमका या अटींच्या बाहेर राहत होता. मुंबईत व्यसनाधीन व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संकल्प पुनर्वसन न्यासाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि डिसेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने गरज असलेल्या सर्वांना दुसऱ्या फळीची औषधे देण्याचे न्यायालयापुढे मान्य केले. मोफत औषधाच्या इतिहासातील हा टप्पा फारसा लोकांना ठाऊक नाही. परंतु आज दुसऱ्या व तिसऱ्या फळीची औषधे घेऊन जगणाऱ्या हजारो माणसांच्या दृष्टीने तो २००३ च्या घोषणेइतकाच मोलाचा आहे.

दरम्यान कायद्याची जमीन सरकली होती. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून भारताला औषधाच्या रेणूवरही पेटंट देणे भाग पडले. संसदेने मात्र दुरुस्ती करताना दोन तरतुदी राखल्या: जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मागण्यास आळा घालणारे कलम ३(ड), आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेण्याचा अधिकार. या अधिकाराचा वापर एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांनी ज्या कसोशीने केला, त्याला जगात फार थोडी उदाहरणे आहेत. झिडोव्ह्युडिन आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन जुनी औषधे एका गोळीत घालण्यावर ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने पेटंट मागितले, तेव्हा मणिपूरच्या संघटनेसह रुग्णांच्या संघटनांनी २००६ मध्ये हरकत नोंदवली आणि त्याच वर्षी कंपनीने अर्ज मागे घेतला. टेनोफोव्हिर या औषधाबाबतचा गिलियड कंपनीचा अर्ज दिल्लीतील रुग्णसंघटनेच्या व इतरांच्या हरकतीनंतर २००९ मध्ये फेटाळला गेला. आज देशातील बहुसंख्य रुग्ण रोज जी एक गोळी घेतात तिच्यात हेच टेनोफोव्हिर असते. मार्च २०२४ मधील नव्या नियमांनी अशा हरकतीसाठी शुल्क लावले आणि ती दाखल करून घ्यायची की नाही हे आधी ठरवण्याचा अधिकार पेटंट नियंत्रकाला दिला. रुग्णांच्या हातातील सर्वांत परिणामकारक साधन असे बोथट करणे घातक आहे, कारण औषध स्वस्त राहिले तरच ते मोफत वाटणे सरकारला झेपते.

ही एक गोळी म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांचे मिश्रण, आद्याक्षरांवरून टीएलडी. डोल्युटेग्राव्हिरवर व्हीव्ह या कंपनीचे पेटंट आहे, परंतु २०१४ मध्ये कंपनीने औषध पेटंट संचय या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत परवाने दिले, म्हणजे स्वामित्वशुल्काच्या व देशांच्या मर्यादेच्या अटींवर इतर कंपन्यांना ते बनवण्याची मुभा दिली, आणि भारतीय कारखान्यांतून टीएलडी बाहेर पडू लागली. २०१७ मध्ये तिची किंमत वर्षाला सुमारे ७५ डॉलर ठरली होती, तर २०२३ मध्ये ग्लोबल फंड या जागतिक निधीला ती ४५ डॉलरच्या खाली मिळू लागली. लेनाकॅपाव्हिर या सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या, लागण टाळणाऱ्या इंजेक्शनाची कथाही याच वळणाने जात आहे: जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा अमेरिकेतील त्याची वर्षाची किंमत २८ हजार डॉलरहून अधिक होती, आणि काही महिन्यांतच भारतीय कंपन्यांनी ते २०२७ पासून १२० देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देण्याचे जाहीर केले. परवाना मिळालेल्या कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे.

केंद्रातून घरापर्यंत

देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत, महाराष्ट्रातील त्यांची संख्या सर्व राज्यांत जास्त, चार लाखांच्या आसपास आहे, आणि सातशेहून अधिक एआरटी केंद्रांतून सतरा लाखांवर लोक मोफत औषध घेतात. २०२१ ते २०२६ या काळासाठी राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला केंद्राने १५,४७१ कोटी रुपयांहून अधिक तरतूद केली आहे. या व्यवस्थेत शिरण्याची वाट सरळ आहे: सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात निदान झाले की रुग्णाला एआरटी केंद्रात पाठवतात, तेथे त्याची नोंदणी होऊन हिरवी पुस्तिका मिळते, सीडी-४ तपासणी, रक्त, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि क्षयाची पडताळणी विनामूल्य होते, समुपदेशक गोळी कधी व कशी घ्यायची हे समजावतो आणि औषध सुरू होते. सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी विषाणूभार तपासला जातो. उत्पन्नाचा दाखला येथे कोणी मागत नाही, आणि ही या कार्यक्रमाची सर्वांत मोठी ताकद आहे. शिधापत्रिकेचा रंग पाहून गोळी द्यायची ठरवले असते, तर निम्मे लोक दाराशीच गळाले असते.

परंतु औषध फुकट असले तरी ते हाती पडेपर्यंतचा प्रवास फुकट नसतो. जत तालुक्यातील एखाद्या गावातून सांगली-मिरजेला जाणाऱ्या माणसाची सकाळची गाडी, केसपेपरची आणि नंतर डॉक्टरांची रांग, उरलेल्या गोळ्या मोजून दाखवणे, औषधाच्या खिडकीपुढील रांग आणि परतीची गाडी यांत पूर्ण दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी बुडते, दुपारचे जेवण बाहेर होते, आणि सोबत मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर भाडे दुप्पट होते. मध्येच ताप, जुलाब, नागीण असे काही निघाले आणि रुग्णालयाच्या भांडारात औषध नसले, की चिठ्ठीवर बाहेरून आणण्याचे औषध लिहून मिळते. जिल्हा रुग्णालयाखेरीज तालुक्याच्या ठिकाणी लिंक एआरटी केंद्रे उघडून, म्हणजे मुख्य केंद्राशी जोडलेली औषधवाटपाची ठिकाणे निर्माण करून, हे अंतर कमी केले गेले आहे. तरीही कित्येक रुग्ण जवळचे केंद्र टाळून मुद्दाम लांबच्या शहरात नाव नोंदवतात, कारण तालुक्याच्या रुग्णालयाच्या ओसरीवर गावचे कोणी ना कोणी भेटतेच. तीस गोळ्यांची पांढरी प्लास्टिकची बाटली घरी नेतानाही हीच धास्ती असते: पिशवीत गोळ्या खुळखुळतात म्हणून त्या कागदात किंवा कापडात गुंडाळायच्या, बाटली वाटेतच टाकून द्यायची आणि घरी दुसऱ्याच कसल्यातरी डब्यात त्या ओतून ठेवायच्या, असे अनेक जण करतात. लपवण्याचाही खर्च असतो आणि तो कोणत्याही योजनेच्या हिशेबात धरलेला नाही.

मदत मागण्याची किंमत

प्रवासखर्चासाठी सवलती आहेत. नेमून दिलेल्या एआरटी केंद्रात उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला भारतीय रेल्वे दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ५० टक्के सूट देते, आणि महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ सिकलसेल, हिमोफिलिया व डायलिसिसच्या रुग्णांप्रमाणे एचआयव्हीबाधितांनाही साध्या बसमधून मोफत प्रवास देते. सवलत घ्यायची तर आजाराचा पुरावा असलेला कागद वाहकाला दाखवावा लागतो, आणि गावच्या गाडीचा वाहक वरचेवर भेटून तोंडओळखीचा झालेला असतो. अशा वेळी भाड्याचे साठ-सत्तर रुपये भरून टाकणे माणसाला स्वस्त वाटते. याच्याशी मार्च २०२३ पासून सर्व महिलांना मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटाची तुलना करण्याजोगी आहे. ती सवलत निम्मीच असली, तरी ती घेणाऱ्या बाईला कसलाही खुलासा करावा लागत नाही. त्यामुळे औषधासाठी दर महिन्याला प्रवास करणाऱ्या विधवेला, तिच्यासाठी म्हणून काढलेल्या सवलतीपेक्षा सर्वांसाठी काढलेली सवलतच अधिक उपयोगी पडते.

हाच पेच मासिक अनुदानातही आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा स्पष्ट समावेश असून पात्र व्यक्तीला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्जासोबत वयाचा व रहिवासाचा पुरावा, तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला आणि सरकारी रुग्णालयाचे आजाराबाबतचे प्रमाणपत्र जोडावे लागते. हा कागद तलाठ्याच्या, लिपिकाच्या आणि समितीच्या सदस्यांच्या हातून जातो, आणि मंजुरीच्या याद्या तालुक्याच्या ठिकाणी होतात. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाच्या वर्षाला २१ हजार रुपयांची आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. रोजंदारीवर वर्षातील काही महिने काम मिळणारे घरही या मर्यादेच्या वर जाते, त्यामुळे खरे उत्पन्न लिहिले तर अनुदान नाही आणि अनुदान हवे तर दाखला खोटा, अशा कोंडीत गरीब माणसाला ढकलले जाते. ही मर्यादा बदलण्याची गरज कोणत्याही समितीच्या अभ्यासाविना कळण्यासारखी आहे. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत तेवढीच रक्कम आजाराचा उल्लेखही न करता, अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नमर्यादेत मिळू लागली, तेव्हा पात्र वयाच्या एचआयव्हीबाधित स्त्रियांपुढे आजार न सांगता मदत मिळण्याचा एक मार्ग खुला झाला. पुरुषांना आणि तृतीयपंथी व्यक्तींना तो नाही.

आई किंवा वडील या आजाराने गेलेल्या अथवा आजारी असलेल्या मुलांसाठी महिला व बालविकास विभागाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तीत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये दिले जातात आणि अर्ज जिल्हा बालकल्याण समितीपुढे जातो. एचआयव्हीसोबत क्षय झालेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी रक्कम मिळते. ती २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपये होती आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. या सर्व योजनांची माहिती समुपदेशकाला असते, केंद्रातच अर्ज भरून घेण्याची पद्धत काही जिल्ह्यांत रुजली आहे, आणि जेथे एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संघटना सक्रिय आहे, तेथे तिचे कार्यकर्ते कागदपत्रे गोळा करण्यापासून तहसील कचेरीत हेलपाटे घालण्यापर्यंत सोबत करतात. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या संग्रामसारख्या संस्थांनी हे आधीच ओळखले होते की आजाराविषयीची लाज दूर केल्याखेरीज कोणतीही मदत माणसापर्यंत पोहोचत नाही.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आणि त्याने या गुप्ततेला कायद्याचे बळ दिले. न्यायालयाच्या आदेशाखेरीज कोणालाही स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही, नोकरीत, शाळेत, घरभाड्यात व रुग्णालयात भेदभावास बंदी आहे, विमा कंपनीला केवळ या कारणावरून, विमागणिताच्या अभ्यासाचा आधार नसताना, विमा नाकारता येत नाही, आणि तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमण्याची तरतूद आहे. मात्र औषध पुरवण्याच्या सरकारच्या जबाबदारीपुढे कायद्यात ‘शक्य तेथवर’ अशा अर्थाचे शब्द आहेत आणि रुग्णसंघटनांनी ते विधेयकाच्या वेळीच आक्षेपार्ह ठरवले होते. त्यांची भीती अनाठायी नव्हती. जुलै २०२२ मध्ये डोल्युटेग्राव्हिरसह काही औषधांचा तुटवडा पडल्याची तक्रार घेऊन रुग्ण दिल्लीत नॅकोच्या कार्यालयाबाहेर धरणे धरून बसले आणि ते महिनाभराहून अधिक काळ चालले. महिनाभराऐवजी आठवड्याच्या गोळ्या हाती पडू लागल्या की बसभाडे चौपट होते, मजुरीचे चार दिवस बुडतात, आणि पुरवठ्यातील त्रुटीचा सगळा भार सर्वांत गरीब रुग्णाच्या खिशावर येतो. खरेदीची निविदा वेळेवर काढणे हेही आर्थिक साहाय्यच आहे.

याची सर्वांत तीव्र झळ स्थलांतर करणाऱ्यांना बसते. मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांची टोळी दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन घर सोडते आणि पुढील पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर काढते. नवरा-बायकोच्या जोडीतील एकाने केंद्रावर जाण्यासाठी खाडा केला तर दोघांची मजुरी बुडते आणि उचल फिटायला आणखी दिवस लागतात. अशा रुग्णासाठी नियमांत सोय आहे: प्रकृती स्थिर असल्यास तीन महिन्यांचे औषध एकदम देता येते, कामाच्या ठिकाणाजवळील केंद्रात नाव वर्ग करता येते, आणि प्रवासात असलेल्याला हिरवी पुस्तिका दाखवून वाटेतील केंद्रातून मर्यादित दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात. कोविडच्या टाळेबंदीत एकदम अधिक महिन्यांचे औषध देणे आणि गरजेनुसार ते घरपोच करणे केंद्रांनी करून दाखवले होते, म्हणजे अडचण क्षमतेची नाही. मात्र त्यासाठी निघण्यापूर्वी रुग्णाने समुपदेशकाला कोणत्या कारखान्यावर आणि किती काळासाठी जात आहोत हे सांगितलेले असावे लागते, आणि केंद्रात तेवढा साठा असावा लागतो. केंद्र शोधणे, नाव वर्ग करणे किंवा औषध नाकारले गेल्याची तक्रार करणे यांसाठी नॅकोचा १०९७ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे आणि त्यावर मराठीतूनही माहिती मिळते.